पाण्यातील सोमल ओळखणारे जिवाणू



विहिरीचे पाणी मचूळ असेल तर जिभेला कळते, गढूळ असेल तर डोळ्यांना दिसते. सोमलाचे, म्हणजेच आर्सेनिकचे, तसे नाही. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळूनही तो जात नाही. उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते.

बांगलादेशात १९७० नंतर गढूळ तळ्यांच्या पाण्यामुळे होणारे रोग टळावेत म्हणून लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू चांगलाच होता. मात्र त्यांपैकी अनेकींच्या पाण्यात सोमल असल्याचे १९९३ मध्ये आढळून आले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचेवर काळे डाग पडतात, तळहात-तळपायांना घट्टे येतात व पुढे कर्करोगही होतो. भातखाचरात हेच पाणी साचून राहिले तर सोमल मुळांवाटे दाण्यातही उतरतो.

अशा पाण्याची तपासणी स्वस्तात कशी करावी? स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये 'आयजेम' या स्पर्धेसाठी हाच प्रश्न हाती घेतला. ई. कोलाय या जिवाणूच्या अंगी सोमलापासून बचाव करणारी जनुके मुळातच असतात. त्यांवर एका प्रथिनाचा पहारा असतो. सोमल पेशीत शिरला की तो या प्रथिनाला चिकटतो, पहारा उठतो व जनुके कामाला लागतात. विद्यार्थ्यांनी या पहाऱ्याखाली दुग्धशर्करा फोडणाऱ्या विकराचे जनुक जोडले. आता सोमल आला की विकर तयार होते, जिवाणू दुग्धशर्करा वापरून आम्ल तयार करतात व द्रावणाचा सामू उतरतो. दूध आंबते तेव्हाही दुग्धशर्करेचे आम्लच होते. फरक इतकाच, की येथे आंबण्याची सुरुवात सोमल करून देतो. सामूदर्शक रंग घातला की निकाल डोळ्यांना दिसतो. महागड्या यंत्राची गरज उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. या विद्यार्थ्यांच्या जिवाणूंनी सुमारे ५ मायक्रोग्रॅमलाही प्रतिसाद दिला. नेहमीच्या तपासणी संचात विषारी आर्सिन वायू तयार होतो व पाऱ्याचे संयुग लावलेला कागद वापरावा लागतो. ती भानगड येथे नाही. निकालास मात्र काही तास लागतात. शिवाय जनुक बदललेले जिवंत जिवाणू प्रयोगशाळेबाहेर न्यायचे तर ते बंदिस्त ठेवावे लागतात व जैवसुरक्षेची परवानगी घ्यावी लागते. पुढे एडिंबरा व केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हे काम चालू ठेवले. परवानगीची ही पायरी प्रयोगापेक्षा अवघड ठरली, यात नवल नाही.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात सोमलापेक्षा फ्लोराईडची तक्रार अधिक आहे. तेही चवीने कळत नाही. पिण्याच्या पाण्याचा नमुना घेताना पंप काही मिनिटे चालू द्यावा, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि त्यावर विहिरीचा गट क्रमांक व तारीख लिहून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावी.