डायोरामासाठी पहिलं पुस्तक कोणतं?

आमचा दिवाळीचा किल्ला बघताना शेजारच्या मुलीने विचारलं, "काका, असे छोटे देखावे करायला शिकायचं तर पुस्तक कोणतं घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं: शेपर्ड पेन यांचं 'हाऊ टू बिल्ड डायोरामाज'. पहिली आवृत्ती १९८०ची. त्यातलं साहित्य जुनं झालंय, पण मांडणीबद्दल इतकं नीट क्वचितच कुणी लिहिलंय.

दुसरं घेणार असाल तर आधी अर्धवट कामाचे फोटो शोधा. नुसते तयार देखावे दिसले तर सरळ ठेवून द्या.

प्रमाणही बघा. १:३५मध्ये पावणेसहा फुटी माणूस ५ सेंटीमीटरचा होतो; दारं-पायऱ्या त्याच हिशेबात.

परदेशी गोंदासाठी अडू नका. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाका, मातीत छान मुरतो.