गाईविना चीज आणि दुधाची अ‍ॅलर्जी

परवा एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. या मुलाच्या पोटात दुधाचा घोट गेला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. आजींच्या हातात लेकाने अमेरिकेहून आणलेले चीजचे पाकीट होते. "डॉक्टर, यात जनावराचे काही नाही म्हणे. मग याला द्यायला हरकत नाही ना?"

पाकिटावर बारीक अक्षरांत 'दुधाचे प्रथिन आहे' असा इशारा होता. मी म्हटले, "आजी, विचारलेत ते फार बरे केलेत. हे त्याला अजिबात देऊ नका."

वाचकहो, गाय नाही आणि दुधाचे प्रथिन मात्र आहे, हे कसे? दुधातले प्रथिन कसे बनवायचे याची माहिती गाईच्या जनुकात असते. ते जनुक यीस्ट किंवा बुरशीत बसवतात. मोठ्या टाकीत साखर देऊन ती वाढवली की ती तेच प्रथिन तयार करते. ते गाळून, शुद्ध करून त्यात वनस्पती तेल वगैरे मिसळतात. यात नवल नाही. मधुमेहाचे इन्सुलिन १९८२ पासून अशाच रीतीने बनवलेले मिळते. चीजसाठी दूध साकळवणारे वासराच्या जठरातले द्रव्यही जंतूंकडून बनवून घ्यायला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली.

आता दोन तक्रारींमधला फरक लक्षात घ्या. दूध प्याल्यावर पोट फुगते, जुलाब होतात, ते बहुधा लॅक्टोज या दुधातल्या साखरेमुळे. या नव्या चीजमध्ये ती साखर सहसा नसते, त्यामुळे अशांना ते सोसू शकते. अ‍ॅलर्जी मात्र प्रथिनाची असते. ते प्रथिन गाईने बनवले की बुरशीने, हे शरीराला कळत नाही.

काही चीज नुसते खोबरेल तेल आणि स्टार्च यांचे असते, काही काजूचे. त्यात दुधाचे प्रथिन नसते. पण खोबरेल-स्टार्चच्या चीजमध्ये एकूण प्रथिनेच नाममात्र आणि संपृक्त चरबी भरपूर असते. वाढत्या मुलाला दुधाऐवजी ते देणे चुकीचे. काजूचीही अ‍ॅलर्जी असू शकते.

आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनही फसू नका. तो शाकाहाराची खूण आहे. दुधाच्या पिशवीवरही तोच असतो. घटकांची यादी आणि अ‍ॅलर्जीची सूचना वाचा. इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या.

चुकून असे काही खाल्ले आणि मुलाला धाप लागली, आवाज घोगरा झाला किंवा ते मलूल पडले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठा.

आजींना नातवासाठी नाचणी, डाळी आणि अंडे सांगितले. चीज त्यांनी स्वतः खावे, त्यांना अ‍ॅलर्जी नाही!