उसनं पाणी

कुत्र्याचा वरचा ओठ उचलून डॉक्टर हिरडीवर अंगठा दाबतात आणि सोडतात. दाबलेली जागा पांढरी पडते आणि लगेच पुन्हा गुलाबी होते. धडधाकट कुत्र्यात याला दोन सेकंदही लागत नाहीत. गाडीखाली सापडून पोटात रक्तस्राव झालेल्या कुत्र्याची हिरडी मात्र दाबायच्या आधीच चुन्यासारखी असते. पंजे गार पडलेले. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली तर नाडी दोऱ्याएवढी बारीक लागते आणि मिनिटाला दीडशेच्या पुढे पळत असते.

कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे २० किलोच्या गावठी कुत्र्यात १,७०० मिलिलिटर, पाण्याच्या दोन बाटल्यांनाही थोडं कमीच. त्यातला तिसरा हिस्सा गेला की जीव धोक्यात येतो. गंमत अशी, की उरलेल्या दोन हिश्श्यांमधल्या लाल पेशी ऑक्सिजन वाहायला अजून बऱ्यापैकी पुरेशा असतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. विहिरीतलं पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली गेलं की मोटार नुसती घरघरते, पाणी चढत नाही. हृदयाचं तसं होतं. परत येणारं रक्तच कमी, मग पुढे ढकलणार काय? याच अवस्थेला शॉक म्हणतात. तातडीचा प्रश्न लाल पेशींचा नसून नळ्या भरलेल्या ठेवण्याचा असतो, आणि म्हणूनच ज्यात एकही लाल पेशी नाही असं मिठाचं पाणीसुद्धा जीव वाचवू शकतं.

पण सलाईन लागायच्या आधीच शरीर स्वतःच्या शिरांत पाणी चढवायला लागलेलं असतं. हे मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. रक्ताचा दाब घसरला की केशवाहिन्यांच्या भिंतींवरचं तोलाचं गणित उलटतं आणि पेशींच्या अवतीभवती साठलेलं खारट पाणी आपण होऊन रक्तात शिरू लागतं. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली हे दाखवलं तेही कुत्र्यावरच. त्यांनी मागच्या पायाच्या मांसात मिठाचं पाणी सोडलं, आणि पायातून फिरणाऱ्या रक्ताने ते शोषून घेतलं.

दुसरी शिबंदी प्लीहेची. कुत्र्याची प्लीहा म्हणजे लाल पेशींची कोठी. संकट आलं की ती आवळते आणि आतला माल रक्तात ओतते. याने रक्ततपासणी चक्क फसते. काचेच्या बारीक नळीत रक्त भरून फिरवलं की तळाशी लाल थर बसतो आणि वर पिवळसर द्रव राहतो. लाल थराची उंची अगदी नॉर्मल दिसते, कारण प्लीहेने भर घातलेली असते. अनुभवी डॉक्टर तिथे न थांबता वरच्या पिवळ्या द्रवातलं प्रथिन मोजतात. ते उतरलेलं असेल तर चोरी उघड होते. कोठीत लाल पेशींचा साठा होता, प्रथिनांचा नव्हता.

आता सुई. पुढच्या पायावरचे केस कातरून, शीर फुगवून कॅन्युलाची नळी सरकवतात. हिरव्या टोपीची मिळाली तर उत्तम. निळी बारीक असते. लांबट बारीक नळीपेक्षा आखूड जाड नळी कितीतरी जास्त पाणी सोडते. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळापट होतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या प्वाझोय यांनी १८२८ साली पाऱ्याची नळी जोडून रक्तदाब मोजला होता. कोणाचा? कुत्र्यांचा. या विषयात मागे मागे जाल तिथे कोणी तरी कुत्रा बांधलेला सापडतो, आणि ते वाचताना थोडं अवघडायला होतं. अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३०च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये कुत्र्यांचा एक पाय जखमी केला आणि नंतर दोन्ही पायांच्या वजनांतला फरक काढला. शॉकमागे जखमेतून सुटणारं काही गूढ विष आहे, असा तोवर बऱ्याच जणांचा समज होता. वजनाने सांगितलं, विष नाही. रक्त आणि द्रव त्या पायातच साठून अभिसरणाबाहेर गेले आहेत. माणसांच्या इस्पितळात आज कोणी शॉकमध्ये आला की सलाईनकडे हात जातो, त्यात या जनावरांचा वाटा मोठा आहे.

बाटलीत बहुधा रिंगर लॅक्टेट नावाचं खारट पाणी असतं. पूर्वीपासूनचा हिशेब असा, की शॉकमधल्या कुत्र्याला किलोमागे ९० मिलिलिटरपर्यंत द्यावं लागू शकतं. जवळजवळ त्याच्या सगळ्या रक्ताएवढं! पण एकदम ओतायचं नाही. पाव हिस्सा, म्हणजे आपल्या २० किलोच्या कुत्र्याला साधारण ४५० मिलिलिटर, पंधरा मिनिटांत सोडायचं. बाटली पिशवीसारखी मऊ असेल तर मदतनीस ती दोन्ही हातांत धरून पिळतो. मग पुन्हा हिरडी, पुन्हा नाडी.

आणि हे पाणी उसनं असतं. तासाभरात त्यातला पाऊण हिस्सा शिरांच्या भिंतींतून पाझरून ऊतींमध्ये निघून जातो, कारण मीठ आणि पाणी तिथून मोकळेपणी ये-जा करतात. मग एक उलटी युक्ती आहे. ०.९ टक्क्यांऐवजी साडेसात टक्के मिठाचं पाणी द्यायचं, समुद्रापेक्षा दुपटीने खारट. किलोमागे चारच मिलिलिटर, म्हणजे आपल्या कुत्र्याला ८० मिलिलिटर, एका कटिंग चहाएवढं. तेवढं मीठ पेशींमधलं आणि पेशींभोवतीचं पाणी शिरांमध्ये खेचून आणतं. १९८० साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी दाखवलं, की गेलेल्या रक्ताच्या दहाव्या हिश्श्याइतकं असं पाणी देऊनही मरणाच्या दारातली कुत्री वाचतात. पण तेही कर्जच, या वेळी घरातल्याच माणसाकडून काढलेलं. ते फेडायला मागाहून साधं सलाईन द्यावंच लागतं, आणि आधीच सुकलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग करत नाहीत.

खरी कसोटी हात आखडता घेण्यात आहे. पोटात कुठेतरी फुटलेल्या शिरेच्या तोंडाशी रक्ताची गुठळी नुकती धरू लागलेली असते. भराभर पाणी चढवून दाब पूर्ववत केला तर ती उडून जाते. शिवाय पाण्याने रक्त गोठवणारे घटक विरळ होतात, आणि थंड बाटल्यांनी अंग आणखी गार पडलं तर उरलेलेही धड काम करत नाहीत. म्हणून रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा दाब ८०-९०वरच राखतात. मेंदू आणि मूत्रपिंडं कशीबशी भागवतील इतपत. रक्त खूपच गेलं असेल तर शेवटी रक्तच लागतं. तिथे कुत्र्यांना एक सवलत आहे: दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्ध घातक प्रतिपिंडं त्यांच्या अंगात आपल्यासारखी आधीपासूनच तयार नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी परक्या कुत्र्याचं रक्त बहुधा निभावून जातं.

दोन-तीन फेऱ्यांनंतर हिरडीवर फिकट गुलाबी छटा येते. नाडी जाड लागते, सावकाश होते. तरी डॉक्टर टेबलापासून हलत नाहीत. त्यांची नजर आता शेपटीच्या बाजूला असते. दाब कोसळला की शरीर सर्वांत आधी ज्यांचं पाणी तोडतं त्यांत मूत्रपिंडं असतात. तिथे पुन्हा रक्त पोचू लागलं की ती कामाला लागतात, आणि मग कधीतरी स्टीलच्या टेबलावर कोमट, पिवळं थारोळं पसरतं. मालक ओशाळून फडकं शोधू लागतो. डॉक्टर म्हणतात, थांबा, पुसू नका, किती झाली ते आधी बघू द्या.