खुर्चीपर्यंत पोचलेली माणसं, प्रश्नात न आलेली गावं

ऑक्टोबर २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्चीत मुंबईचे सत्तावीस वर्षांचे हर्षवर्धन नवाथे बसले होते. एक कोटी रुपयांचा प्रश्न पडद्यावर आला. भारतीय राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात यांपैकी कोण भाग घेऊ शकतो? सॉलिसिटर जनरल, अॅटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव की सरन्यायाधीश? नवाथे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. राज्यघटनेचा अनुच्छेद ८८ महान्यायवादींना, म्हणजे अॅटर्नी जनरलना, दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार देतो; मतदानाचा देत नाही. नवाथेंचं उत्तर बरोबर आलं आणि या कार्यक्रमाचा पहिला करोडपती मराठी घरातला निघाला.

परीक्षेसाठी रात्री जागून पाठ केलेलं सामान्य ज्ञान असंही फळाला येऊ शकतं, हे त्या दिवशी घराघरांत दिसलं. त्याआधीची तीन दशकं प्रश्नमंजुषा प्रामुख्याने शहरांतल्या इंग्रजी शाळा-कॉलेजांची होती. त्यानंतरच्या दोन दशकांत ती तालुक्याच्या गावापर्यंत गेली. या सगळ्या प्रवासात खुर्चीवर कोण बसणार हे झपाट्याने बदललं. प्रश्न कशावर विचारायचे, हे मात्र त्या वेगाने बदललं नाही.

डफावरचे सवाल

चारचौघांत प्रश्न टाकून समोरच्याचं ज्ञान जोखायचं, हा खेळ महाराष्ट्राला रेडिओने शिकवलेला नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर हेच करत आले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्याच्या साथीने एका बाजूने पुराणातलं कूट गाण्यातून घालायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याच चालीत ते सोडवायचं. रामायण-महाभारतातली आडवाटेची नावं, वंशावळी, शापांची कारणं असा सगळा मालमसाला शाहिराच्या जिभेवर असावा लागे. उत्तर चुकलं तर भर सभेत नामुष्की. कोकणात ही परंपरा शक्ती-तुरा म्हणून आजही जिवंत आहे आणि चाकरमान्यांबरोबर ती मुंबईतही आली. तमाशातल्या सवाल-जवाबाची चुरस किती रंगते, हे अनंत माने यांनी १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ या चित्रपटात जयश्री गडकरांना घेऊन दाखवलं.

त्या सवालांचा विषय एकच होता, पुराण. जगभरचं ज्ञान मराठीत एकत्र आणण्याचं काम वेगळ्या माणसांनी केलं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पंडित महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. मराठीत प्रश्न काढायला बसणाऱ्याला इजिप्तच्या पिरॅमिडपासून जपानच्या काबुकीपर्यंत सारं आपल्या भाषेत मिळावं, एवढी सामग्री या तीन कोशांनी करून ठेवली आहे. शाळांच्या प्रश्नमंजुषांनी तिचा पुरेसा उपयोग केला नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

रेडिओ, दूरदर्शन आणि इंग्रजी

आज ज्याला आपण क्विझ म्हणतो त्याचा भारतातला आरंभ कोलकात्यात झाला. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी तिथल्या एका चर्चच्या सभागृहात पहिली खुली स्पर्धा घेतली. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. हमीद सयानी रेडिओवर प्रश्न विचारत आणि शाळांचे संघ उत्तरं देत. १९७५ मध्ये हमीद सयानींचं निधन झालं, तेव्हा ‘बिनाका गीतमाला’मुळे घरोघरी पोचलेले त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी ती धुरा घेतली. पुढे १९९० च्या दशकात हीच स्पर्धा दूरचित्रवाणीवर आली आणि नील ओब्रायन यांचे चिरंजीव डेरेक तिचे सूत्रधार झाले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यावर साबिरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ हा इंग्रजी शब्दांचा खेळ वर्षानुवर्षं चालला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ राष्ट्रीय प्रक्षेपणावर आला आणि कॉलेजांतल्या मुलामुलींना बझरवर हात ठेवून बसलेले आपल्याच वयाचे चेहरे दिसले.

हे कार्यक्रम मराठी घरांतही आवडीने पाहिले-ऐकले जात, पण मराठी माध्यमात शिकणाऱ्याची तिथे दुहेरी परीक्षा होई. उत्तर ठाऊक असायचं, प्रश्न कळेपर्यंत घंटा वाजलेली असायची. रोमच्या सम्राटांची नावं इंग्रजी उच्चारात ओळखायची, हॉलिवूडच्या नट्या आणि बीटल्सची गाणी पाठ असायला हवीत, अशी त्या प्रश्नांची घडण होती. अण्णा साळुंके कोण, हे तिथे क्वचितच विचारलं जाई. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात झळकलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत स्वयंपाक करणारे साळुंके पातळ नेसून उभे राहिले. करमणुकीच्या इतिहासावर याहून सुरस प्रश्न शोधून सापडायचा नाही.

लॉक करायचं का?

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ सालचा. पण इथे तो उभा करणाऱ्यांत ‘क्विझ टाइम’चेच सिद्धार्थ बसू होते आणि चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होत होतं. बसूंच्या हातून घडलेल्या या दोन कार्यक्रमांमधली पंधरा वर्षं पाहिली की बदल लख्ख दिसतो. संघांऐवजी एकटा माणूस आला, इंग्रजीऐवजी हिंदी आली, तोंडी उत्तराऐवजी चार पर्याय आले. पर्यायांनी मोठं काम केलं. नाव आठवत नसलं तरी दिसल्यावर ओळखता येतं, त्यामुळे घरात बसलेली आजीसुद्धा ‘क’ म्हणून मोकळी होऊ लागली. फिफ्टी-फिफ्टी, प्रेक्षकांचा कौल आणि मित्राला फोन या तीन लाइफलाइन बोलीभाषेत रुळल्या. भाग घ्यायचा तर घरचा फोन नाहीतर कोपऱ्यावरचा पीसीओ पुरे होता. कॉलेजच्या संघात निवड व्हायची गरज उरली नाही.

मराठीत हा खेळ यायला मात्र आणखी तेरा वर्षं लागली. २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं आणि सचिन खेडेकरांनी सूत्रसंचालन केलं. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ या नावाने नागराज मंजुळे प्रश्न विचारू लागले. पुढे २०२१ पासून ती जागा पुन्हा खेडेकरांकडे आली. मंजुळेंच्या समोर बसलेला स्पर्धक आपल्या गावच्या बोलीत बिनधास्त बोलू शकत होता. संतसाहित्य, नाट्यसंगीत, किल्ले, मराठी चित्रपट हे विषय आता सवडीचे राहिले नाहीत. त्यांवर पैसे लागले होते.

त्याच २०१९ सालच्या सप्टेंबरात हिंदी ‘केबीसी’च्या खुर्चीत अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायची आणि महिन्याला १,५०० रुपये मिळवायचे, हे त्यांचं काम. एक कोटीच्या प्रश्नाने त्यांना थेट १८५७ च्या दिल्लीत नेलं. बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने त्या उठावाच्या स्वानुभवावर ‘दास्तान-ए-गदर’ लिहिलं? पर्यायांत मीर तकी मीर, जौक, फिरदौसी आणि जहीर देहलवी. मीर १८१० मध्येच वारला होता, जौक १८५४ मध्ये आणि फिरदौसी तर हजार वर्षांपूर्वीचा इराणी कवी. म्हणजे तारखा माहीत असणाऱ्याला हा प्रश्न उलट बाजूनेही सुटतो. ताडेंनी जहीर देहलवी हे बरोबर उत्तर दिलं. नवाथे आणि ताडे या दोन नावांच्या मध्ये एकोणीस वर्षं आहेत आणि मुंबईपासून अंजनगावपर्यंतचं अंतर आहे. प्रश्नमंजुषेने महाराष्ट्रात काय मिळवलं, ते या अंतरात मोजता येतं.

२०२० च्या टाळेबंदीत ही लाट मोबाइलवर आली. शाळा, महाविद्यालयं, ग्रंथालयं यांनी गूगल फॉर्मवर प्रश्नावल्या काढल्या. उत्तरं पाठवली की प्रमाणपत्र मेलवर हजर. हजारो लोक सहभागी झाले हे चांगलंच, पण उत्तर दुसऱ्या खिडकीत शोधता येत असल्याने लक्षात ठेवण्याची चुरस ओसरली. प्रश्न काढणाऱ्यापुढे तेव्हापासून नवं आव्हान आहे. नुसतं सर्च करून न मिळणारं, दोन गोष्टींचा धागा जुळवायला लावणारं असं काही त्याला विचारावं लागतं.

चिंचोटीच्या फाट्यावरून

असा धागा कुठे सापडतो, हे पाहायला पालघर जिल्ह्यातल्या चिंचोटीला यावं. मुंबई–अहमदाबाद महामार्गाला इथे कामणमार्गे भिवंडीला जाणारा रस्ता फुटतो. ट्रक, टेम्पो आणि पावसाळ्यात धबधब्याकडे निघालेल्या मोटारसायकली यांचीच इथे गर्दी. पूर्वेला तुंगारेश्वरचं अभयारण्य, पश्चिमेला नायगाव आणि वसईचा किल्ला, वायव्येला नालासोपारा. प्राचीन इतिहास, लोकसंस्कृती आणि करमणूक हे प्रश्नमंजुषेचे तिन्ही आवडते विषय या एका जिल्ह्यात भरून राहिले आहेत.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर येतं, टॉलेमीच्या भूगोलातही येतं. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात खोदकाम केलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते पुजले गेले असावेत, असं इंद्रजींचं मत. डब्यांभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या आणि सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. मौर्यांच्या काळापासून गजबजलेलं बंदर, सातवाहनांचं नाणं, बौद्धांची श्रद्धा आणि मातीच्या तुकड्यांसाठी घडवलेली सोन्याची डबी यांचा मेळ कसा बसतो, यावर एक अख्खी फेरी घेता येईल.

बायबलमध्ये सॉलोमन राजासाठी सोनं आणणारं ओफीर म्हणजे सोपाराच, असं काही अभ्यासकांनी सुचवलं. त्यावर एकमत नाही. सावध प्रश्नकर्ता म्हणूनच ‘ओफीर कुठे होतं’ असं विचारणार नाही. ‘ओफीर म्हणून भारतातलं कोणतं बंदर सुचवलं गेलं’ असं विचारेल.

करमणुकीकडे वळावं तर २०१६ च्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या कोल्डप्लेच्या गाण्याच्या चित्रफितीत वसईचा किल्ला दिसतो. कोणत्याही कॉलेजच्या दृक्‌श्राव्य फेरीत हे चित्र चालेल. पण त्याच किल्ल्यावरून पुढचा प्रश्न नाशिकला नेता येतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे विजयचिन्हं म्हणून घेऊन गेले. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे.

संस्कृतीच्या फेरीत वारली चित्रकलेचा प्रश्न देशभर ठरलेला असतो. राज्य महाराष्ट्र, रंग पांढरा, चित्रकार जिव्या सोमा मशे, पद्मश्री २०११. तिथेच तो संपतो. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, त्या चौकात बसणारी पालघट देवी, भोपळ्यापासून बनवलेल्या तारप्याभोवती फिरणारा नाच याबद्दल विचारलं तर पालघरच्या पाड्यावरचा मुलगा बझर सर्वांत आधी दाबेल. बाकी सगळे त्याचं उत्तर ऐकून घेतील.

वसई तालुक्यातल्या शाळांनी स्नेहसंमेलनातल्या प्रश्नमंजुषेत निदान एक फेरी अशा प्रश्नांची ठेवावी. पहिल्या प्रश्नासाठी लांब जायला नको. सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये कोणत्या गावात सापडला? पर्याय चार: निर्मळ, भुईगाव, आगाशी, चिंचोटी. उत्तर भुईगाव. पूरक प्रश्न असा घ्यावा: मग बाकीचे बारा कुठे असतील?