विम्यात ‘भरती’ आहे, पण पगार आहे का? वाडीतल्या तरुणांनी सही करण्याआधी हे वाचा

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की वाडीत गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कार्यालयं सुरू होतात. ट्रक रस्त्यावर काढायचा तर थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. तरीही विम्यात काम म्हटलं की इथल्या तरुणांना एजंटच आठवतो.

एजंट म्हणजे नोकरी का?

नाही. वय 18 पूर्ण, दहावी पास, ठरावीक प्रशिक्षण आणि ‘आयसी-38’ परीक्षा, एवढ्यावर एजंट होता येतं. मात्र कमाई कमिशनवर. जाहिरातीत ‘भरती’ लिहिलेलं असलं तरी कागदावर मासिक पगार आणि पीएफ आहे का, ते आधी पाहा. पहिल्या पॉलिसी काका-मामा घेतात. खरी परीक्षा नातेवाईक संपल्यावर सुरू होते.

विमा सखीचे 7 हजार कसे मिळतात?

एलआयसीची ही योजना 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपतमध्ये सुरू झाली. दहावी पास, 18 ते 70 वयाच्या महिलांसाठी आहे. विद्यावेतन पहिल्या वर्षी दरमहा 7 हजार, दुसऱ्या वर्षी 6 हजार, तिसऱ्या वर्षी 5 हजार रुपये, कमिशन वेगळं. तीन वर्षांचे जास्तीत जास्त 2 लाख 16 हजार होतात. पण पहिल्या वर्षी 24 पॉलिसींचं लक्ष्य आहे, म्हणजे महिन्याला दोन. पुढच्या वर्षी त्यातल्या किमान 65 टक्के चालू राहायला हव्यात. शेजारणीने हप्ता थांबवला, तर फटका सखीलाही. घरात आधीच एलआयसी एजंट किंवा कर्मचारी असेल तर जवळच्या नातेवाइकांना यात प्रवेश नाही.

डिप्लोमा, बीई झालेल्यांसाठी काय?

सर्व्हेअर. या वाटेबद्दल कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही. अपघातात ट्रक चेपला, गोदामात माल भिजला, की नुकसान किती आणि कशामुळे याचा अहवाल परवानाधारक सर्व्हेअर देतो. वाहनाचा दावा 50 हजार आणि इतर दावा 1 लाख रुपयांपासून पुढे असेल तर सर्व्हेअर नेमावाच लागतो. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका इथे चालते. मेकॅनिकल, ऑटोमोबाइलवाल्यांना वाहनांचं काम जवळचं. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, अनुभवी सर्व्हेअरच्या हाताखाली 12 महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग ‘इर्डाई’चा परवाना, असा रस्ता आहे. स्वतंत्र काम करणाऱ्याला यातही पगार नाही; प्रत्येक कामामागे फी मिळते. त्यामुळे शिकाऊ वर्षात घरखर्च कसा भागणार, हा हिशेब नाव नोंदवण्याआधीच मांडावा लागतो.