निर्जन किनारा आणि पाण्याची ओढ

भिलाईच्या परिसरात वाढलेल्या माणसाची पाण्याशी पहिली ओळख होते ती तलावाच्या नाहीतर शिवनाथ नदीच्या काठी. समुद्र तेथून फार दूर. रेल्वेने मुंबई गाठावयाची तर सुमारे 1,100 किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. सुटीत कोकणात उतरणाऱ्या अशा कुटुंबाला गर्दीच्या चौपाटीपेक्षा वेळास, आंजर्ले, गुहागर किंवा भोगवे येथील निवांत किनारा अधिक आवडावा, हे स्वाभाविक आहे. मात्र गोड्या पाण्यात मिळविलेला एक अनुभव येथे उलटा ठरतो. तलावात संथ पाणी पाहून उतरण्याची सवय असते. समुद्रात मात्र दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा संथ पट्टा दिसला, तर बहुधा तोच सर्वांत धोक्याचा असतो.

ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात आणि ते पाणी समुद्रात परतण्यासाठी वाट शोधते. पाण्याखालील वाळूच्या उंचवट्यात जेथे खोलगट खिंड असते, तेथून ते एकवटून वेगाने बाहेर पडते. खोलीमुळे त्या जागी लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी गडद दिसते आणि फेस व गढूळ वाळू समुद्राच्या दिशेने सरकताना दिसतात. ह्या परतीच्या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदाला 2 मीटरपर्यंत जातो. निष्णात पोहणाऱ्यालाही त्याविरुद्ध फार वेळ टिकाव धरता येत नाही.

तथापि हा प्रवाह माणसाला तळाशी ओढीत नाही; तो केवळ दूर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्याशी झुंजून थकल्यामुळे. प्रवाहाचा पट्टा अरुंद असतो आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. म्हणून त्यात सापडलेल्याने प्रथम उताणे होऊन तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. त्यानंतर फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकस दिशेने परतता येते.

ओहोटीच्या वेळी ही ओढ पुष्कळदा वाढते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असणे आवश्यक ठरते. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटी ह्यांच्या पातळीत अर्ध्या मीटरचाही फरक पडत नाही, आणि अनेक किनाऱ्यांपुढील प्रवाळभिंती लाटांचा जोर मोडतात. कोकणचा किनारा बहुतांशी उघडा आहे, आणि मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत हा फरक 4 मीटरांहून अधिक होतो. सकाळी ज्या खडकापर्यंत कोरड्या वाळूवरून चालत जाता येते, तो दुपारी पाण्याने वेढला जाऊ शकतो. वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावर प्रचलित आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे 3 वाजता पूर्ण भरती आणि 9 वाजता पूर्ण ओहोटी, तर अष्टमीला 6 वाजता भरती आणि 12 वाजता ओहोटी येते. हा हिशेब मुंबईच्या आसपास बराचसा जुळतो. दक्षिणेकडे वेळेत फरक पडतो, म्हणून तेथील मच्छीमारांना विचारणे उत्तम.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच होड्या लोटतो. परंतु इतर ऋतूंतील शांतताही फसवी असू शकते. पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी मुरूड येथे बुडाले, तो दिवस 1 फेब्रुवारी 2016 हा होता.

निर्जन किनाऱ्याचा खरा धोका त्याच्या निर्जनतेत आहे. गोव्यात 2008 पासून अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षकांची नियमित व्यवस्था आहे. तेथे लाल-पिवळ्या निशाणांमधील पाण्यातच उतरावे आणि लाल निशाण दिसल्यास मुळीच उतरू नये. जेथे निशाण नाही आणि हाक ऐकणारेही कोणी नाही, तेथे गुडघाभर पाण्याची मर्यादा पाळणे शहाणपणाचे होय. मुले हाताच्या अंतरावर असावीत आणि मद्यपान केलेल्याने पाण्याजवळ जाऊ नये.

कोणी वाहून जात असल्यास त्याच्यामागे उडी टाकण्याचा मोह आवरावा. वाचविण्यास गेलेलाच बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेकावा, त्याच्यावरील नजर ढळू देऊ नये आणि दुसऱ्या कोणास गावात पिटाळून 112 ह्या क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे हे उपचार त्याच क्षणी सुरू करावेत व मदत येईपर्यंत थांबवू नयेत.