माशांवर दूध : एका डागाचा शोध

१९८० च्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या डाव्या मनगटावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती, मी अकरा. मालवणपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आमचे गाव. श्रावण लागेपर्यंत ठिपका रुपयाएवढा झाला आणि दुसरा कोपरावर उमटला. आजीने मनगट उजेडात धरून पाहिले आणि घरातल्या सगळ्यांदेखत विचारले, ‘‘माशे खाल्लेल्या चेडवाक दूद कोणी दिल्यान?’’

दूध आईने दिले होते. काही महिन्यांपूर्वीच्या एका रात्री बांगड्याचे तिखले जेवल्यावर ताईला खोकला लागला, म्हणून तिने हळद घालून कपभर दूध गरम करून दिले. एवढीच गोष्ट. पण त्या कपभर दुधाने पुढची चाळीस वर्षे आईचा पिच्छा पुरवला. ताईला पाहायला आलेली स्थळे परत गेली, तेव्हा आजी काही बोलत नसे. ती फक्त आईकडे बघे.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात वाचत गेलो. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वैद्यकातले निबंध वाचायची सवय याच एका प्रश्नाने लावली. दुधाने त्वचा बिघडते का? की सुधारते? पुढे प्रश्न वाढत गेला आणि केवळ त्वचेपुरता राहिला नाही. या लेखात जे मांडतो आहे, ते त्या वाचनाचे सार आहे.

चरकाने काय म्हटले आहे

आजीचे म्हणणे तिने स्वतः रचलेले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात, म्हणजे आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात, विरुद्ध आहाराची चर्चा आहे. मासे आणि दूध हे तिथले ठळक उदाहरण. दोन्ही रसाने मधुर, पण वीर्य परस्परविरोधी, एक उष्ण आणि एक शीत. त्यामुळे रक्त दूषित होते आणि स्रोतसे अडतात, असा युक्तिवाद आहे. विरुद्ध आहाराने होणाऱ्या रोगांच्या यादीत ‘किलास’ही आहे, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्याच्याशी जुळणारा रोग.

इथपर्यंतचा भाग घरोघरी पोचला. त्याच्या मागचा-पुढचा भाग मात्र पोचला नाही. या अध्यायात यावर वाद झालेला आहे. भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकी सारे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आत्रेय त्याला खोडून काढतो आणि सर्वच मासे वर्ज्य ठरवतो. म्हणजे त्या काळीही या बाबतीत एकमत नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अध्यायाच्या शेवटाकडे येते. ज्याला सवय आहे, ज्याने थोडेच खाल्ले आहे, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, जो व्यायामाने बळकट आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असे चरक स्वतः सांगतो.

चौदा वर्षांची, रोज चार मैल चालत शाळेत जाणारी मुलगी आणि कपभर दूध. आजीच्या शास्त्रानेही आई निर्दोष सुटत होती. पण तो श्लोक आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता.

कोड म्हणजे काय

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा कधी कधी आपल्याच पेशींना परके समजून मारू लागते. कोडात तिचा रोख या रंगपेशींवर असतो. जिथे त्या मरतात तिथली त्वचा पांढरी दिसते. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड आहे, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते विशीच्या आत सुरू होते. ते संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. ‘पांढरे कुष्ठ’ या शब्दाने मात्र दोन्ही रोगांच्या माणसांचे पिढ्यान्‌पिढ्या नुकसान केले.

आनुवंशिकता आहे, पण पूर्ण नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. म्हणजे जनुकांखेरीज आणखीही काही कारण लागते. त्वचेला झालेली इजा, भाजणे, काही रसायने यांची नावे त्यात घेतली जातात. मासे आणि दूध यांचा असा संबंध आधुनिक वैद्यकाला आढळलेला नाही.

साध्या विचारानेही हे पडताळता येते. जन्मात मासा न चाखलेल्या शाकाहारी घरांतही कोड होते. उलट युरोपात दुधात, सायीत मासे शिजवून खाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत; तिथे गावेच्या गावे पांढऱ्या डागांची व्हायला हवी होती. मग समजूत टिकली कशी? कोकणात मासे रोजचे आणि दूधही अधूनमधून घरात असतेच. ज्याला डाग उठला, त्याच्या मागच्या वर्षभरात माशांवर दूध प्यायल्याची एक तरी रात्र सापडतेच. ज्यांना डाग उठला नाही, त्यांच्या रात्री कोणी मोजत नाही.

इथे परंपरेच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण चुकले, तरी उपचारात आपल्या जुन्या वैद्यांची नजर तीक्ष्ण होती. बावचीचे बी लावून अंग उन्हात धरायचे, हा कोडावरचा जुना उपाय. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते त्वचेला उन्हासाठी संवेदनशील करते. इजिप्तमध्येही एका रानटी वनस्पतीचा असाच उपयोग होता. १९४० च्या दशकात तिथल्या डॉक्टर एल मोफ्ती यांनी त्यातील द्रव्यावर पद्धतशीर काम केले आणि त्यातून सोरालेन व अतिनील किरणांचा उपचार उभा राहिला. घरच्या घरी बावची लावण्याचा सल्ला मात्र मी कोणाला देणार नाही. ताईच्या कोपरावर त्याने उठलेल्या फोडांचा व्रण अजून आहे. आज मलमे आहेत, नियंत्रित किरणोपचार आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत कोडात रंग परत आणण्यासाठी एका मलमाला मान्यता मिळाली. आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाने या डागांकडे बघण्याची दृष्टी काही अंशी तरी बदलली.

मुरुमांची बाब वेगळी आहे

दूध कोडाच्या आरोपातून सुटले म्हणून ते सगळ्याच आरोपांतून सुटत नाही. ताईची मुलगी, माझी भाची, पुण्यात शिकते. ती शाळा संपल्यापासून शाकाहारी आहे. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्यावर मुरुम फार आले म्हणून तिने दूध, दही, ताक सगळे बंद केले. मी तिला हसलो. हसायला नको होते.

२००५ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना त्यांच्या शाळकरी वयातील आहाराबद्दल विचारण्यात आले. जास्त दूध पिणाऱ्यांत तीव्र मुरुमांचे प्रमाण २२ टक्क्यांनी अधिक होते, आणि साय काढलेल्या दुधाच्या बाबतीत ४४ टक्क्यांनी. म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. २०१८ मध्ये अशा १४ अभ्यासांची, मिळून ७८ हजारांवर मुलांची व तरुणांची, एकत्र छाननी झाली. दूध-दुभते घेणाऱ्यांत मुरुमांची शक्यता साधारण सव्वापट निघाली.

सव्वापट म्हणजे किती? न पिणाऱ्या शंभरांत पन्नासांना मुरुम येत असतील, तर पिणाऱ्या शंभरांत पंचावन्न-छप्पन्नांना. फरक आहे, पण दूध सोडले की चेहरा स्वच्छ, एवढा तो मोठा नाही. शिवाय हे सारे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. वीस वर्षांपूर्वी आपण किती दूध पीत होतो, हे कोणाला नेमके आठवते? माशांवरच्या दुधाची रात्र आठवण्यासारखेच ते आहे.

तरी कारण पटण्याजोगे आहे. दूध हे वासराला भराभर वाढवण्यासाठी झालेले अन्न. त्यात साखर बेताची असूनही ते प्यायल्यावर इन्सुलिन अपेक्षेपेक्षा बरेच वाढते. पनीर काढल्यावर जे पाणी उरते त्यातील प्रथिनांचा यात मोठा वाटा आहे. शरीरातले आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरकही दुधाने थोडे वाढते. ही दोन्ही द्रव्ये त्वचेतल्या तैलग्रंथींना चेतवतात. व्यायामशाळेतील मुले डबेच्या डबे व्हे प्रोटीन घेतात, त्यांच्यात मुरुम उसळल्याच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. पण मैदा, साखर, गोड पेये यांनीही इन्सुलिन असेच उसळते, आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा जास्त थेट आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम अधिक कमी झाले. भाचीने दूध सोडले होते, बिस्किटे नव्हती.

सोडण्याची किंमत

मुरुम थोडे कमी झाले, असे ती सांगते. पण गेल्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ लाल होऊन सोलवटल्यासारखी झाली. रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले होते.

हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्या माणसासाठी दूध-दही हाच त्याचा रोजचा आधार. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातल्याच एका प्रयोगात तरुण शाकाहारींना रोज ६०० मिलिलिटर म्हशीचे दूध दिले, तर दोन आठवड्यांत त्यांची रक्तातली पातळी सुधारली.

भाचीला इंजेक्शने घ्यावी लागली. आणि ब-१२ च्या मोठ्या मात्रेनेही काहींना मुरुमांसारख्या पुळ्या येतात! तिलाही आल्या. तेव्हा मात्र आम्ही दोघे हसलो.

पोट आणि हाडे

दूध पचत नाही ही तक्रार अनेकदा नखरा समजली जाते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक माणसांत बालपणानंतर ओसरते; जगाचा विचार केला तर तेच नेहमीचे. मोठेपणीही ते टिकवणारा जनुकीय बदल २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी शोधला. २०१२ मध्ये भारतातील शंभरावर समाजांची तपासणी झाली, तेव्हा तोच बदल इथेही सापडला. वायव्येकडे त्याचे प्रमाण अधिक, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे उतरत जाणारे. पंजाबातल्या पेलाभर दुधाची सक्ती कोकणातल्या पोटावर करण्यात अर्थ नाही. विरजणात जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही त्यांतल्या अनेकांना दही-ताक चालते.

हाडांसाठी जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. स्वीडनमधील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या २०१४ मधील अभ्यासात दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी नव्हते, उलट जास्त होते; आंबवलेल्या दुग्धपदार्थांच्या बाबतीत चित्र उलटे होते. संशोधकांनी स्वतःच यावरून घाईने निष्कर्ष काढू नका, असे बजावले आहे. कॅल्शियमसाठी दूध हाच मार्ग आहे असेही नाही : १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. आणि लहान मुलाचे पोट दुधानेच भरले, तर लोह कमी पडून पंडुरोग होतो, कारण दुधात लोह जवळजवळ नसतेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी सुचवलेल्या ताटात दिवसाला ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. मला ते प्रमाण समजूतदार वाटते. शाकाहारी असाल तर दूध-दही सोडण्यापूर्वी ब-१२ ची सोय करा. मुरुम फार असतील तर आधी साखर-मैदा कमी करा, मग दूध दोन-तीन महिने कमी करून पाहा, आणि फरक नसेल तर परत घ्या. सोसत नसेल तर ताक प्या. आणि माशांवर दूध प्यायचे की नाही, ही आवडीची गोष्ट आहे.

मागच्या मे महिन्यात मी हे सारे आईला समजावून सांगितले. तिचे वय आता ८३ आहे. ताई शेजारीच आंबे चिरत बसली होती; तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे आहेत आणि ती बाह्या दुमडूनच काम करते. चरकाचा तो श्लोक सांगितला, रंगपेशींचे सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘माजे सासूक तेव्हा कोणीतरी सांगूक व्हया होतां.’’

ताईने आंब्याची बशी तिच्या पुढ्यात सरकवली. कोणाच्या अंगावर डाग दिसला, तर त्याच्या आईला ‘काय खायला घातलं होतंस?’ असे विचारू नका, एवढे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला.